कमोडोर ६४ वर जुनं सॉफ्टवेअर उघडून बघायचंय? मग या क्रमानेच जा

बहुतेक जण काय करतात सांगतो. कुठूनतरी कमोडोर ६४, म्हणजे १९८०च्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, हाती लागतो, सोबत त्याचा जुना जड अडॅप्टर, एक १५४१ ड्राइव्ह (त्याचा फ्लॉपी ड्राइव्ह) आणि फ्लॉप्यांचा डबा. मग सगळं एकदम जोडायचं, बटण दाबायचं आणि डब्यातली सगळ्यात भारी वाटणारी, पेनाने काहीतरी खरडलेली फ्लॉपी पहिली आत सरकवायची. काही झालं नाही की कळत नाही दोष कुणाचा, मशीनचा, ड्राइव्हचा, फ्लॉपीचा की आपल्याच टायपिंगचा. आणि तोपर्यंत कधीकधी मशीनही गेलेलं असतं आणि जगात एकच प्रत असलेली ती फ्लॉपीही.

म्हणून एकच नियम धरा, एका वेळी एकच अनोळखी गोष्ट. आधी अडॅप्टर, मग नुसतं मशीन, मग खात्रीचं सॉफ्टवेअर, मग ड्राइव्ह, आणि डब्यातलं खरं घबाड सगळ्यात शेवटी, तेही प्रत काढून.

एक सूचना: कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, मशीनवर अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच टाइप करायचे.

### ० : सामान आधी जमवा

मल्टीमीटर, ९९ टक्क्यांचा आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, टॉर्च, अपारदर्शक छोटे स्टिकर, वही. आणि जमलं तर एसडी कार्डवरून फाइली देणारं एक डिव्हाइस, एसडी२आयईसी किंवा पाय१५४१ सारखं. हे शेवटचं नसलं तरी काम होतं, पण असेल तर निम्मा मनस्ताप वाचतो, का ते पुढे येईलच.

### १ : अडॅप्टर मोजा, मशीनला लावण्याआधी

ही पायरी लोक सर्रास गाळतात. जुना अडॅप्टर दोन गोष्टी देतो, ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी. त्यातला ५ व्होल्टवाला रेग्युलेटर म्हातारा झाला की बंद पडण्याऐवजी कधीकधी उलटं करतो, व्होल्टेज वाढवून ठेवतो, आणि ते थेट मेमरी चिप्सवर जातं. आत सगळं इपॉक्सीने भरलेलं असतं म्हणून उघडून दुरुस्त करणंही अवघड.

मोजायचं असं. अडॅप्टर फक्त भिंतीतल्या सॉकेटला लावा, सात पिनांचा गोल प्लग मोकळा ठेवा. कमानीच्या अगदी दोन टोकांच्या पिना म्हणजे ९ व्होल्ट एसी. बरोबर मधली पिन ग्राउंड. मधल्या पिनच्या एका बाजूची शेजारीण म्हणजे ५ व्होल्ट, दुसऱ्या बाजूची रिकामी. मीटर डीसीवर ठेवून मधली आणि तिच्या शेजारच्या दोन्ही पिना बघा, जिथे आकडा येईल ती तुमची. प्रोब एकमेकांना टेकू देऊ नका.

- ४.७५ ते ५.२५ मध्ये असेल तर ठीक.
- ५.२५ च्या वर असेल तर तो अडॅप्टर बाजूला. "जरासंच जास्त आहे" वगैरे काही नाही.
- एसी बाजूला मोकळं असताना ९ पेक्षा थोडं जास्त दिसेल, त्याची चिंता नको.

सावधान: मोकळा अडॅप्टर नीट मोजला गेला म्हणजे अर्ध्या तासाने गरम झाल्यावरही नीटच असेल असं नाही. माझं सरळ मत आहे की जुना अडॅप्टर शोकेसमध्ये ठेवा आणि नवीन बनावटीचा घ्या. जुनाच वापरायचा असेल तर मध्ये व्होल्टेज वाढल्यावर लाइन तोडणारं संरक्षक सर्किट लावा.

### २ : जोडणी, सगळं बंद असताना

काहीही जोडताना किंवा काढताना मशीन बंद. कार्ट्रिजला हे लागू, ड्राइव्हच्या केबलला लागू, टेपला लागू. जॉयस्टिक चालू असताना लावली तर बहुतेक वेळा काही होत नाही, पण ते पोर्ट ज्या चिपला थेट जोडलेत ती सीआयए चिप (कीबोर्ड, जॉयस्टिक सांभाळणारी) अंगावरच्या स्टॅटिकनेही जाते, म्हणून तेही बंद असतानाच. सेगा मेगा ड्राइव्हचा गेमपॅड या पोर्टमध्ये बसतो म्हणून लावू नका, त्याची वायरिंग वेगळी असते.

मागच्या बाजूला यूजर पोर्ट असतो, नुसती बोर्डाची कड, आणि त्यात प्लग उलटा बसू शकतो. त्यावर काही लावायचं असेल तर वरची बाजू कुठली ते दोनदा बघा.

चित्रासाठी टीव्हीचा अँटेना चालतो पण कटकट आहे, आठ पिनांच्या एव्ही सॉकेटमधून केबल घ्या. नवीन टीव्ही हा जुना सिग्नल कधी ओळखत नाही, कधी रंगच दाखवत नाही, त्यामुळे काळा पडदा दिसला की लगेच मशीन मेलं असं ठरवू नका, दुसरा टीव्ही किंवा मॉनिटर लावून बघा. तुमचं मशीन पाल आहे की एनटीएससी (टीव्ही सिग्नलच्या दोन पद्धती) हे वहीत लिहून ठेवा. पाल ५० हर्ट्झवर चालतं, एनटीएससी ६० वर, आणि एकासाठी लिहिलेला गेम दुसऱ्यावर झगमगतो, वेगात गडबडतो किंवा अडकतो. तेव्हा फ्लॉपीला दोष द्यायचा नाही.

### ३ : नुसतं मशीन चालू करा

ड्राइव्ह नाही, टेप नाही, कार्ट्रिज नाही. चालू केल्यावर निळा पडदा आणि त्यावर ३८९११ बेसिक बाइट्स फ्री असं आलं पाहिजे (बेसिक ही मशीनमधलीच प्रोग्रामिंग भाषा). आकडा कमी आला तर बहुधा मेमरीत गडबड आहे, पुढे जाऊ नका.

मग कीबोर्ड. सगळी बटणं एकदा दाबून बघा. पुढे लागणारी चिन्हं आत्ताच शोधा: अवतरण चिन्ह शिफ्ट आणि २ वर, डॉलर शिफ्ट आणि ४ वर, तारा स्वतंत्र बटणावर. रंग आणि आवाज तपासायला हे टाइप करा, प्रत्येक ओळीनंतर रिटर्न:

पोक ५३२८०,०
पोक ५४२९६,१५
पोक ५४२७८,२४०
पोक ५४२७३,४०
पोक ५४२७६,१७

पहिल्या ओळीने कडा काळी होते, शेवटच्या ओळीने सलग सूर सुरू होतो. बंद करायला पोक ५४२७६,१६. सूर आला म्हणजे साउंड चिपचा एक आवाज तरी जिवंत आहे.

टायपिंगमध्ये तीन गोष्टी सगळ्यांनाच छळतात:

- शिफ्ट धरून अक्षर टाइप केलं की अक्षराऐवजी चित्रचिन्ह येतं. कमांड शिफ्टशिवाय टाइप करायची.
- अवतरण चिन्ह उघडल्यावर कर्सरची बटणं दाबली तर कर्सर हलत नाही, उलट्या रंगातली विचित्र चिन्हं उमटतात. मशीन बिघडलेलं नाही. शिफ्ट आणि रिटर्न दाबून खालच्या ओळीवर जा, पुन्हा टाइप करा.
- कर्सर वर नेऊन "रेडी." या ओळीवरच रिटर्न दाबलं तर आउट ऑफ डेटा एरर येतो. बिचारं मशीन ती ओळ "रीड वाय" अशी कमांड समजून वाचतं. दुर्लक्ष करा.

तपासणी: वीस-एक मिनिटं चालू ठेवा. गरम झाल्यावर पडद्यावर कचरा आला किंवा आपोआप रिसेट झालं तर आधी तो प्रश्न सोडवा.

### ४ : खात्रीचं सॉफ्टवेअर आधी

इथे एसडी कार्डवालं डिव्हाइस कामाला येतं. कॉम्प्युटरवर व्हाइस नावाच्या एम्युलेटरमध्ये (कमोडोरची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) एखादी डी६४ फाइल चालवून बघा, चालली की तीच फाइल एफएटी३२ केलेल्या कार्डवर टाका आणि खऱ्या मशीनवर चालवा. डी६४ म्हणजे फ्लॉपीच्या एका बाजूची प्रतिमा, साधी फाइल बरोबर १७४८४८ बाइटची असते. तुमची याहून लहान असेल तर डाउनलोड अर्धवट झालंय.

एसडी२आयईसीवर डिस्क "आत टाकायची" कमांड:

ओपन १५,८,१५,"सीडी:नाव.डी६४":क्लोज १५

बाहेर यायला नावाच्या जागी डाव्या बाणाचं चिन्ह, म्हणजे कीबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातलं ते वेगळं बटण, कर्सरचं नाही.

नेहमीची चूक: १५४१ आणि एसडी डिव्हाइस दोन्ही एकदम जोडलेले आणि दोघांचाही नंबर ८. दोघं एकदम उत्तर देतात आणि काहीच धड लोड होत नाही. एकाला ९ करा किंवा एकच जोडा.

आणि हेही माहीत असू द्या की १५४१ मध्ये स्वतःचा प्रोसेसर असतो, बरेच गेम आपला फास्टलोडर (लोडिंग वेगवान करणारा कोड) त्या प्रोसेसरवर पाठवून चालवतात. एसडी२आयईसी म्हणजे पूर्ण १५४१ नाही, त्यामुळे असे बरेच गेम त्यावर अडकतात. पाय१५४१ ड्राइव्हची हुबेहूब नक्कल करतो, तिथे ते चालतात. एका डिव्हाइसवर अडकलं म्हणून प्रोग्राम खराब असं समजू नका.

### ५ : फ्लॉपी डोळ्यांनी तपासा, ड्राइव्हमध्ये घालण्याआधी

कव्हरमधून काढा, लांबट खिडकीतल्या तपकिरी भागाला बोट लावू नका. मधल्या भोकाची कड दोन बोटांनी धरून डिस्क हळूहळू फिरवा आणि टॉर्चचा उजेड तिरका मारा. निरोगी पृष्ठभाग एकसारखा चमकतो. पांढरट किंवा राखाडी ठिपके दिसले, धुक्यासारखे डाग दिसले, तर ती बुरशी. गोल रेघेत आरपार पारदर्शक पट्टा दिसला तर तिथला थर आधीच खरवडला गेलाय.

बुरशीवाली डिस्क तशीच घातली तर दोन नुकसानं होतात, ती डिस्क खरवडते आणि ड्राइव्हचं हेड माखतं, मग पुढची चांगली डिस्कही त्याच हेडखाली जाते. एका खराब फ्लॉपीने सगळा डबा नासतो तो असा. ठिपकेवाल्या फ्लॉप्या वेगळ्या ठेवा, त्यांची साफसफाई सवडीने.

बाकीच्यांच्या कडेच्या खाचेवर स्टिकर लावा. खाच झाकली की १५४१ त्यावर लिहू शकत नाही. स्टिकर अपारदर्शकच हवा, कारण ड्राइव्ह ती खाच प्रकाशाने तपासतो, पारदर्शक सेलोटेप त्याला दिसतच नाही. दोन खाचा असतील तर डिस्कच्या दोन्ही बाजूंना माल आहे, दोन्ही झाका.

ड्राइव्हमध्ये वाहतुकीचा पुठ्ठा राहिला असेल तर काढा, हेड अल्कोहोलच्या काडीने हलक्या हाताने पुसा, वाळू द्या. ड्राइव्ह चालू केल्यावरच फ्लॉपी घाला, बंद करण्याआधी काढा.

### ६ : आधी प्रत, मग बाकीचं

डिस्क वाचता येतेय की नाही हे बघायला आधी डिरेक्टरी:

लोड "$",८
लिस्ट

वर उलट्या रंगात डिस्कचं नाव, खाली फाइली, शेवटी किती ब्लॉक रिकामे. पूर्ण रिकाम्या डिस्कवर ६६४ दिसतात. लक्षात ठेवा, असं केल्याने मेमरीतला आधीचा बेसिक प्रोग्राम पुसला जातो.

डिरेक्टरी दिसली की मोह होतो लगेच चालवायचा. थांबा. ही डिस्क पुढच्या वेळी वाचली जाईल याची खात्री नाही, आत्ता वाचली जातेय तर आत्ताच प्रत काढा. साधा उपाय म्हणजे झूमफ्लॉपीसारखा अडॅप्टर, तो १५४१ ला यूएसबीने आजच्या कॉम्प्युटरशी जोडतो, आणि ओपनसीबीएम या सॉफ्टवेअरमधली डी६४कॉपी कमांड पूर्ण बाजूची फाइल बनवते. पीसीचा साधा फ्लॉपी ड्राइव्ह या डिस्क आपसूक वाचत नाही, कारण कमोडोरची लिहायची पद्धत वेगळी आहे. ग्रीझवीझल सारखं डिव्हाइस मध्ये असेल तर जमतं.

- प्रत काढताना वाचनाच्या चुका आल्या तर त्या सेक्टरचे (डिस्कवरच्या छोट्या तुकड्यांचे) नंबर लिहून ठेवा, हेड पुसा, पुन्हा एकदा काढा. दोन प्रतींमध्ये वेगवेगळे सेक्टर चुकले असतील तर जोडून पूर्ण होऊ शकते.
- विकतचे गेम असतील तर काही चुका मुद्दाम घातलेल्या असतात, कॉपी होऊ नये म्हणून. तिथे डी६४ पुरत नाही, निबटूल्स या सॉफ्टवेअरने जी६४, म्हणजे जास्त बारकाईची, प्रत काढा.
- फाइलच्या नावात डिस्कवरचं लेबल आणि बाजू लिहा. "डिस्क१ नवीन" या नावाच्या चार फाइली झाल्या की मग बसा शोधत.

सावधान: कुठेतरी वाचून मूळ डिस्कवर "व्हॅलिडेट" (रिकाम्या जागेची नोंद नव्याने बनवणारी) कमांड चालवू नका. जिओसच्या (कमोडोरसाठीची ग्राफिकल ऑपरेटिंग सिस्टिम) किंवा डिरेक्टरीबाहेर डेटा ठेवणाऱ्या डिस्कचं त्याने वाटोळं होतं. "एन" ने सुरू होणारी कमांड तर फॉरमॅटची, ती सगळंच पुसते.

### ७ : लोड करताना ते शेवटचं १

आता प्रतीवर काम. इथे सगळे एक वाक्य घोकतात, लोड "*",८,१ आणि मग रन, आणि ते चाललं नाही की संपलं.

पहिलं, नुसता तारा दिला तर ड्राइव्ह चालू केल्यावर पहिली फाइल लोड होते, पण त्याआधी तुम्ही दुसरं काही लोड केलं असेल तर तेच पुन्हा येऊ शकतं. पहिलीच हवी तर ":*" लिहा. नाव लांब असेल किंवा त्यात न दिसणारी चिन्हं असतील तर सुरुवातीची अक्षरं आणि तारा, जसं लोड "एबी*",८.

दुसरं, शेवटचं १. ते नसेल तर फाइल बेसिकच्या जागेवर, म्हणजे २०४९ पासून, बसते. १ दिलं तर फाइलच्या पहिल्या दोन बाइटमध्ये जो पत्ता लिहिलाय तिथे बसते. बेसिक प्रोग्रामला दोन्ही चालतं, मशीन कोडला (थेट प्रोसेसरच्या भाषेतल्या प्रोग्रामला) १ लागतंच.

पत्ता कुठला ते अंदाजाने कशाला, विचारून घ्या:

१० ओपन २,८,२,"नाव,पी,आर"
२० गेट#२,ए$,बी$
३० प्रिंट एएससी(ए$+सीएचआर$(०))+२५६*एएससी(बी$+सीएचआर$(०))
४० क्लोज २

२०४९ आलं तर साधं लोड आणि रन. ४९१५२ आलं तर बहुधा मशीन कोड, १ लावून लोड करा, मग न्यू, मग सिस ४९१५२ (सिस म्हणजे त्या पत्त्यावरचा मशीन कोड चालव). मधलं न्यू विसरलात तर पुढे आउट ऑफ मेमरी येतो, कारण लोडने बेसिकचे पॉइंटर भलतीकडे नेलेले असतात. न्यूने मशीन कोड पुसला जात नाही. आणि २४५७६ आलं, फाइल ४० ब्लॉकची असेल, तर तो प्रोग्रामच नाही, बहुधा कोआला पेंटरमध्ये काढलेलं चित्र आहे. अशी फाइल रन करून "करप्ट आहे" म्हणणारे पुष्कळ, ती चित्र दाखवणाऱ्या प्रोग्राममधून उघडायची असते.

वेळेचंही भान ठेवा. १५४१ सेकंदाला जेमतेम ४०० बाइट देतो, मोठा प्रोग्राम दोन मिनिटं घेतो. पडदा गप्प आहे पण ड्राइव्हचा दिवा स्थिर पेटलाय म्हणजे काम चाललंय, बंद करू नका.

### ८ : आत काय आहे ते शोधा

खरी मजा इथे आहे आणि इथेच लोक घाई करतात. चालवण्याआधी लिस्ट करा. एकच ओळ दिसली आणि त्यात सिस आणि एक आकडा असेल तर पुढे सगळा मशीन कोड आहे. पानंच्या पानं आली तर तो बेसिकमध्ये लिहिलेला आहे, कंट्रोल धरून ठेवा, ओळी हळू सरकतात, नीट वाचा. रेम च्या ओळींमध्ये लिहिणाऱ्याने काय काय टिपलंय ते बघा, डेटाच्या ओळींमध्ये प्रश्नोत्तरांची उत्तरं असतात. अक्षरांच्या जागी चित्रचिन्हं दिसत असतील तर शिफ्ट आणि कमोडोरचं बटण एकत्र दाबा, लहान-मोठ्या अक्षरांचा संच येतो.

डिरेक्टरीत एसईक्यू लिहिलेल्या फाइली लोड होत नाहीत, त्या बहुतेक मजकूर किंवा स्कोअर असतात. वाचायला:

१० ओपन २,८,२,"नाव,एस,आर"
२० गेट#२,ए$:प्रिंट ए$;
३० इफ एसटी=० देन २०
४० क्लोज २

घरगुती फ्लॉप्यांमध्ये मला सगळ्यात जास्त या फाइलीच आवडतात, गेम काय, सगळीकडे मिळतात. यूएसआर दिसलं तर बहुधा जिओसची फाइल, ती जिओसमधूनच उघडते. फाइलच्या प्रकाराआधी तारा असेल तर ती लिहिताना अर्धवट राहिलेली आहे. डिरेक्टरीत शून्य ब्लॉकच्या, नुसत्या रेघा असलेल्या "फाइली" म्हणजे सजावट.

गेममध्ये जॉयस्टिक चालत नसेल तर पोर्ट बदला, बहुतेक गेमना दोन नंबर लागतो. एक नंबरच्या पोर्टची तार कीबोर्डशी सामायिक आहे, तिथली जॉयस्टिक हलवली तर बेसिकमध्ये अक्षरं टाइप झाल्यासारखी दिसतात, तोही बिघाड नाही.

### ९ : टेप असेल तर

थोडक्यात. आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा, म्हणजे चिकटलेली पट्टी सुटते. लोड टाइप करून प्ले दाबा, पडदा निळा होऊन गप्प बसेल, "फाउंड" आलं की कमोडोर बटण दाबलं तर लगेच पुढे जातं. लोड एरर येत राहिला तर हेड आणि रबरी चाक अल्कोहोलने पुसा. हेडच्या तिरकेपणाचा स्क्रू असतो तो सगळ्यात शेवटी हलवा, तोही मूळ जागा पेन्सिलने खुणावून आणि पाव फेऱ्यापेक्षा कमी, कारण एका टेपसाठी फिरवला की बाकीच्या टेप बिघडू शकतात. टेपची प्रतही काढून ठेवा, टीएपी फाइल बनते.

### १० : ड्राइव्हचा दिवा लुकलुकतोय

लुकलुकणारा दिवा म्हणजे ड्राइव्हला काहीतरी सांगायचंय. बेसिक ते आपणहून दाखवत नाही, विचारावं लागतं:

१० ओपन १५,८,१५
२० इनपुट#१५,ए,बी$,सी,डी
३० प्रिंट ए,बी$,सी,डी
४० क्लोज १५

ओळ नंबर देऊनच लिहा, नुसतं टाइप केलंत तर इलीगल डायरेक्ट एरर मिळेल.

- ७३: चालू केल्यावरची सलामी, चूक नाही.
- ६२: त्या नावाची फाइल नाही. दहापैकी नऊ वेळा स्पेलिंग.
- ७४: ड्राइव्ह तयार नाही, डिस्क नीट बसलेली नाही किंवा खटका लावलेला नाही.
- २६: लिहायला गेला आणि खाच झाकलेली. म्हणजे तुमच्या स्टिकरने काम केलं.
- २० ते २९ मधले २६ सोडून बाकीचे: वाचता किंवा लिहिता येत नाहीये. सोबतचे शेवटचे दोन आकडे ट्रॅक आणि सेक्टर, लिहून घ्या.

आत दारावर थापा मारल्यासारखा खडखडाट झाला तर घाबरू नका, हेड शून्य ट्रॅकच्या अडथळ्यावर आपटून जागा शोधतंय. पण तीच डिस्क परत परत घालून तो आवाज काढत बसू नका, त्याने हेडची रेषा हलते. हेड पुसा, चौथ्या पायरीत चालवून बघितलेल्या सॉफ्टवेअरची एखादी खरी डिस्क असेल तर ती घाला. ती वाचली गेली तर दोष त्या फ्लॉपीचा, ती वेगळ्या ढिगात. तीही नाही वाचली गेली तर डबा बंद करा आणि ड्राइव्ह दुरुस्त होईपर्यंत एकही फ्लॉपी आत घालू नका.